रातपाळीचा डोळा

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात सहा माणसं, एक मोरी, एक ट्यूबलाइट आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक पाल. वडील गिरणीत साच्यावर होते. रातपाळीचा आठवडा आला की सकाळी ते डोळे चोळत घरी यायचे, आई खिडकीवर सोलापुरी चादर टांगायची आणि आम्हा पोरांना गॅलरीत पिटाळायची. तरी त्यांना धड झोप लागायची नाही. "काम रातीचं देतात, डोळे मात्र दिवसाचेच," असं ते एकदा म्हणाले होते. रात्री डबा घेऊन ते जिना उतरायचे तेव्हा ती पाल पट्टीमागून निघून भिंतीवर पतंगांच्या मागे लागलेली असायची. तिची पाळी रोजच रातीची.

पुढे प्राणिशास्त्र वाचायला लागलो तेव्हा कळलं, की वडिलांनी बोलून दाखवलेली अडचण पालींच्या पूर्वजांपुढेही आली होती. दिवसाचेच डोळे घेऊन त्यांना रात्रीच्या कामाला जावं लागलं. ते डोळे त्यांनी कसे बदलून घेतले, याचा हिशेब गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात चालू आहे.

सुरुवात चाळीपासूनच करतो. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ इमारती. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे १६,५६० खोल्या. खोलीला एकच पाल धरली, आणि चाळीत राहिलेला कोणीही सांगेल की हा हिशेब फारच काटकसरीचा आहे, तरी ३३,१२० डोळे होतात. १९२०च्या दशकात या चाळी उठल्या तेव्हापासून आता पुनर्विकासात त्या पडू लागेपर्यंत एवढे डोळे रोज रात्री आमच्याकडे बघत होते. आम्ही त्यांच्याकडे बघितलं ते हातात झाडू घेऊन. आजी तर पाल चुकचुकली की जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची आणि तिच्याकडे पाठ फिरवायची.

एकदा टॉर्च घेऊन जवळून बघा. उजेड पडला की पालीची उभी बाहुली मिटत मिटत दोऱ्याएवढी होते. टोके नावाच्या मोठ्या पालीत ती इतकी मिटते, की शेवटी एकाखाली एक अशी चार सूक्ष्म भोकं उरतात. माणसाची बाहुली अंधारात पूर्ण उघडली आणि उन्हात पूर्ण आकसली तरी तिच्या क्षेत्रफळात फरक पडतो सुमारे १५ पटींचा. मांजरात तो १३५ पट आहे. टोकेत ३०० पट. ही चार भोकं नुसता उजेड अडवत नाहीत. क्रिस्टोफर मर्फी आणि हॉवर्ड हाउलँड यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की चार भोकांतून चार प्रतिमा पडतात आणि किडा नेमक्या अंतरावर असला तरच त्या एकमेकींवर बरोबर बसतात. म्हणजे भक्ष्य किती दूर आहे हे मोजायची पट्टी बाहुलीतच बसवलेली आहे.

पण ३०० पटींनी भागत नाही, आणि इथून आकडे माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतात. भर दुपारचं ऊन सुमारे १ लाख लक्स असतं. अमावस्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड लक्सच्या हजाराव्या भागाएवढा. दोहोंत फरक १० कोटी पटींचा. हेच प्रकाशकणांत मोजू. हिरवा उजेड धरून हिशेब केला, तर दुपारच्या उन्हात मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा एका चौरस मिलिमीटरवर दर सेकंदाला सुमारे ४०,००,००,००,००,००,००० प्रकाशकण आदळतात. चारावर चौदा शून्यं. इंग्रजी वळणाच्या ट्रिलियनमध्ये मला हा आकडा कधी दिसत नाही. आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त यासाठी नाव देऊन ठेवलं आहे. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू आणि मग जलधी. एकावर चौदा शून्यं म्हणजे जलधी, समुद्र. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर सेकंदाला चार समुद्र पडतात. गिरगाव चौपाटीवर दुपारी बारा वाजता उभं राहिलं की हा शब्द किती नेमका आहे ते उमगतं.

रात्री, ताऱ्यांच्या उजेडात, त्याच जागेवर पडतात सेकंदाला फक्त ४० लाख. डोळ्याला त्यात भागवायचं असतं.

माणसाचा डोळा त्यात अर्धवट हार मानतो. आपल्या एका दृष्टिपटलात सुमारे ९ कोटी २० लाख दंडपेशी असतात, त्या अंधुक उजेडात काम करतात पण रंग सांगत नाहीत. रंग सांगणाऱ्या शंकुपेशी ४६ लाखांच्या आसपास, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. म्हणून चांदण्यात आपल्याला लाल लुगडं आणि हिरवं लुगडं सारखंच करडं दिसतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात लिना रोथ आणि अल्मुट केल्बर यांनी २००४ मध्ये आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका निशाचर पालीवर प्रयोग केला. अंधुक चांदण्याइतक्या उजेडात, जिथे माणूस रंगांच्या बाबतीत पूर्ण आंधळा असतो, तिथे या पालींनी निळा आणि करडा हे वेगळे ओळखून दाखवले. त्यांचा डोळा, माणसाच्या रंगदृष्टीचा उंबरठा धरला, तर ३५० पट संवेदनशील निघाला.

३५० हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सोलापुरी चादर टांगलेली ती खिडकी आठवली.

हे जमलं कसं, याचं उत्तर पेशीत आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या फार जुन्या पूर्वजाकडे प्रकाश टिपणाऱ्या रंजकांची पाच जनुकं होती. एक दंडपेशींचं, चार शंकुपेशींची. माणसाच्या वंशात त्यातली तीन राहिली, दोन हरवली. पालीच्या वंशातही तीन राहिली आणि दोन हरवली, पण तीच नव्हेत. पालीचं हरवलं ते नेमकं दंडपेशींचं, अंधारात बघण्याचं. अमेरिकेतले डोळ्यांचे अभ्यासक गॉर्डन वॉल्स यांनी १९४२ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात याची गोष्ट तर्कानं मांडली होती, जनुकं वाचायची सोय नसताना. त्यांचं म्हणणं असं, की पालींचे पूर्वज दिवसा वावरणारे होते. उन्हात दंडपेशींची गरज नव्हती, त्या गेल्या. पुढे वंशज रात्रीकडे वळले तेव्हा गेलेली हत्यारं परत मिळाली नाहीत. मग उरलेल्या शंकुपेशीच लांबट आणि जाड होत गेल्या आणि दंडपेशींचं काम करू लागल्या. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी टोकेच्या दृष्टिपटलातली रंजकं जनुकांच्या पातळीवर तपासली. दिसायला दंडासारख्या असलेल्या त्या पेशींत रंजक निघालं शंकुपेशींच्या घराण्यातलं. २०१५ मध्ये चीनमधल्या गटानं जपानी पालीचा सगळा जीनोम वाचून काढला, तेव्हा दंडपेशींचं ते जनुक त्यात नव्हतंच. वॉल्स बरोबर होते.

पालीला रात्री रंग दिसतात ते म्हणूनच. तिच्याकडे रातीसाठी दुसरी हत्यारं नाहीत, दिवसाचीच हत्यारं तिनं रातीच्या कामाला लावली आहेत. साचा तोच, धागा तोच, पाळी बदलली.

त्या जपानी पालीच्या जीनोमची लांबी २५५ कोटी अक्षरं. आपल्या भिंतीवरची पाल तिची चुलत बहीण, तेव्हा अंदाजासाठी हाच आकडा घेऊ. छापील पानावर २,००० अक्षरं धरली तर १२ लाख ७५ हजार पानं होतील. तीनशे पानांचं एक याप्रमाणे ४,२५० पुस्तकं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. तिथल्या कपाटांशी उभा राहून मी मनात ही पुस्तकं लावून बघतो. प्रत्येकाची जाडी दोन सेंटिमीटर धरली तरी ८५ मीटरची फळी लागते. सेकंदाला एक अक्षर या वेगानं, न जेवता, न झोपता, ती वाचायला सुमारे ८१ वर्षं जातील. एका माणसाचं सगळं आयुष्य.

आता या ४,२५० पुस्तकांतून एकच पान काढायचं. पॅक्स-६ नावाचं जनुक. माणसात त्याचं प्रथिन ४२२ दुव्यांचं आहे, एका दुव्याला तीन अक्षरं आणि शेवटचा पूर्णविराम धरून १,२६९ अक्षरं. एक पानही भरत नाही. दादरहून स्लो लोकल पकडली, तर परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा करत गाडी सीएसएमटीला पोचते तोवर, साधारण एकवीस मिनिटांत, सेकंदाला एका अक्षरानं ते वाचून संपेल. उंदराचं आणि माणसाचं पॅक्स-६ प्रथिन ४२२ पैकी ४२२ जागी सारखं आहे. एकही दुवा वेगळा नाही. आपले आणि उंदराचे वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, शेपटी गेली, बोलणं आलं, हे पान मात्र कुणी हलवलं नाही.

हलवलं तर काय होतं तेही माहीत आहे. प्रत्येक पेशीत या पानाच्या दोन प्रती असतात. माणसात त्यातली एक जरी बिघडली, दुसरी धडधाकट असली तरी, डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. असं मूल ४० हजार ते १ लाखांत एक जन्मतं. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची १ कोटी २४ लाख वस्ती धरली तर या हिशेबानं शहरात अशी सव्वाशे ते तीनशे माणसं असतील. उन्हात डोळे उघडे ठेवणंही त्यांना जड जातं.

आणि नीट चाललं तर काय होतं, ते १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. ज्या चिलटाएवढ्या फळमाशीवर आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वास आणि चव यांची जनुकं शोधली, त्याच माशीवर. उंदराचं पॅक्स-६ माशीच्या पायात, पंखात, मिशीत चालू केलं. तिथे डोळे उगवले. उंदराचे नव्हे, माशीचेच, तिच्या पद्धतीचे शेकडो भिंगांचे. माशी आणि उंदीर यांचा समाईक पूर्वज ५० कोटी वर्षांपूर्वीच्याही मागचा. तेव्हापासून हे पान एकच आज्ञा देत आलं आहे, 'इथे डोळा कर'. कुठल्या जातीचा ते बाकीची पुस्तकं ठरवतात.

सरड्यांच्या बाबतीत त्यात आणखी एक गंमत आहे. २०१३ मध्ये सिंगापूरच्या बायरप्पा वेंकटेश यांच्या गटाला एका सागरी माशाच्या जीनोममध्ये पॅक्स-६ चं सख्खं भावंड सापडलं. मग तेच झेब्राफिशमध्ये, बेडकात आणि अमेरिकेतल्या हिरव्या ॲनोल सरड्यातही निघालं. पक्ष्यांत ते नाही, माणसात नाही. आपल्या वंशानं केव्हा तरी ते भावंड गमावलं. सरड्यानं सांभाळून ठेवलं.

या सगळ्याचं प्रत्यक्ष काम चालतं अंड्यात. चाळीत मीटरच्या पेटीमागे किंवा फोटोच्या चौकटीमागे दोन पांढरी, वाटाण्याएवढी, कडक कवचाची अंडी सापडतात, ती पालीची. दीड-दोन महिन्यांत त्यातून पिल्लू निघतं. सुरुवात एका पेशीची. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा तीस दुपटी धरल्या तर १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ पेशी होतात. प्रत्येक पेशीत आईकडचा एक आणि बापाकडचा एक असे दोन जीनोम, सरळ ताणले तर पावणेदोन मीटरला किंचित कमी. वाटाण्याएवढ्या अंड्यातल्या त्या सगळ्या पेशींचे धागे एकापुढे एक जोडले, तर साडेअठरा लाख किलोमीटर भरतील. चंद्रापर्यंत दोनदा जाऊन दोनदा परत आल्यावरही तीन लाख किलोमीटर उरतील. आणि प्रत्येक दुपटीला एकेका पेशीत ५१० कोटी अक्षरं नव्यानं जुळवायची. दुरुस्ती झाल्यावर उरणारी चूक अब्ज अक्षरांत जेमतेम एक. काळबादेवीला जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तिथले खिळे जुळवणारे निर्दोष छपाईसाठी नावाजलेले होते. मला खात्री आहे, या कामाची किंमत त्यांनी सगळ्यात आधी ओळखली असती.

डोळा तयार होतो तो मेंदूतून. मेंदूच्या दोन्ही बाजूंना दोन फुगे बाहेर येतात आणि कातडीला आतून टेकतात. टेकल्याजागी कातडी जाड होऊन आत वळते, तिचा मणी सुटतो, तो भिंग. फुगा मागे दबून पेल्यासारखा होतो, त्याचा आतला थर दृष्टिपटल, बाहेरचा थर काळा अस्तर. बागेतल्या आपल्या नेहमीच्या सरड्याची ही सगळी वाढ मुथुक्करुप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ४२ टप्प्यांत नोंदवून ठेवली आहे, आणि अंड्याच्या आतल्या सरड्यांवर काम करणारे आजही त्या नोंदीचा आधार घेतात. त्यातला भ्रूण बघितला तर दचकायला होतं. धड दोऱ्याएवढं, पाय म्हणजे नुसते कोंब, आणि डोक्याचा अर्धा भाग डोळ्यांनीच भरलेला.

या सरड्याला माथ्यावर तिसरा डोळाही असतो. छोटा, खवल्याखाली दडलेला, पण त्यात भिंग आहे, दृष्टिपटल आहे. चित्र दिसत नाही, ऊन-सावली कळते. घोरपडीलाही आहे. ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या तिच्या एका अमेरिकी नातलगाला तर चार डोळे होते, हे २०१८ मध्ये जीवाश्माच्या कवटीवरून सिद्ध झालं. भिंतीवरच्या पालीनं मात्र हा माथ्यावरचा डोळा सोडून दिला आहे. उन्हाचा अंदाज घ्यायची तिला रातीला काय गरज?

तिनं आणखी एक गोष्ट सोडली, पापणी. अंड्यात असताना पालीच्या डोळ्याभोवती पापणीची गोल कड वाढत येते, मधलं भोक लहान लहान होत जातं, शेवटी मिटतं. मिटलेली ती कातडी काचेसारखी पारदर्शक होते. म्हणून पाल कधीच डोळा मिटत नाही, जन्मभर त्या काचेतून बघते आणि काच जिभेनं पुसते. कात टाकताना काचेचा वरचा थरही उतरतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक हाडांच्या चकत्यांचं कडं असतं, बहुतेक सरड्यांत चौदा चकत्यांचं, एकीवर एक सरकलेल्या कौलांसारखं. त्या कड्याच्या आधारावर स्नायू भिंग दाबतात आणि नजर जवळ-लांब करतात.

ही गोष्ट माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचते ती अशी. आपण वाचतो, चेहरा ओळखतो ते दृष्टिपटलातल्या एका बारीक खळग्यानं, जिथे चौरस मिलिमीटरला सुमारे २ लाख शंकुपेशी दाटलेल्या असतात. अल्बिनिझम असलेल्या, म्हणजे कातडीत आणि डोळ्यांत रंगद्रव्य नीट न बनणाऱ्या माणसांत हा खळगा नीट घडत नाही. का, ते उंदरावर शोधता येत नाही, कारण उंदराला खळगाच नाही. ॲनोल सरड्याला मात्र प्रत्येक डोळ्यात दोन आहेत. म्हणून जॉर्जिया विद्यापीठात ॲशली रेसिस, डग्लस मेंकी आणि जेम्स लॉडरडेल यांनी सरड्याची जनुकं बदलायचं ठरवलं. अडचण मोठी होती. मादी नराचं वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवते, गर्भधारणा नेमकी केव्हा ते कळत नाही. मग त्यांनी अंडाशयातल्या कच्च्या अंड्यांतच जनुकं बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्राची सुई टोचली. २१ माद्यांच्या १४६ अंड्यांत. त्यांतून बोटाच्या पेराएवढी, गुलाबी-पांढरी पिल्लं निघाली, तेव्हा काम झाल्याचं त्यांना कळलं. २०१९ मध्ये हे जाहीर झालं. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे पहिल्यांदाच जमलं होतं. त्याच गटानं पुढे दाखवलं, की खळगा होण्यापूर्वी भ्रूणाचा डोळा एका दिशेनं लांबट होतो आणि मग पुन्हा आकसतो.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणीचा भोंगाही कधीच बंद झाला. चाळ सोडायच्या आधी सामान बांधताना मी त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. चौकटीमागे दोन अंडी चिकटलेली होती. एक फुटलेलं, कोरडं, जुनं. दुसऱ्याला नुकतीच चीर गेली होती. चिरेतून आधी नाक दिसलं, मग एक डोळा, पूर्ण उघडा, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा. मी पडदा ओढून घेतला आणि ट्यूबलाइट बंद केली. थोड्या वेळानं डोळ्यांना अंधाराची सवय झाली तसा टॉर्च बोटांनी झाकून बघितलं. बाहुली गोल, मोठी, काळी झाली होती, आणि पिल्लू भिंतीवर चढून पट्टीच्या दिशेनं निघालं होतं.